वाटरस्खायचा 'थॉर': एका खाणगावाचा फुटबॉल क्लब

हासेल्टकर

पॅरिस सें-जर्मांच्या घरच्या मैदानावर आजवरची सर्वांत मोठी गर्दी कोणत्या सामन्याला झाली असेल? रेआल माद्रिद? बार्सिलोना? मार्सेय? यातलं एकही नाही. २ मार्च १९८३ ला पार्क दे प्रँसमध्ये ४९,५७५ लोक होते आणि समोर होता बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतातल्या एका कोळसा खाणीच्या वस्तीचा संघ, वाटरस्खाय. पुढे त्या स्टेडियमची आसनसंख्या कमी झाली, त्यामुळे हा आकडा आता मोडणं कठीणच.

मी हासेल्टला राहतो. वाटरस्खाय इथून जवळ, गेंक नगरपालिकेत येतं. इथल्या फुटबॉलबद्दल मराठीत लिहिलं गेलंच तर ते अँडरलेख्ट आणि ब्रुख या क्लबांपाशी थांबतं, म्हणून हा धागा.

आधी गाव. १९०० साली गेंकमध्ये जेमतेम अडीच हजार माणसं होती. रेताड माळ, तळी, हीथची जांभळी झुडपं, आणि हा निसर्ग रंगवायला येणारे चित्रकार. शेती बेताचीच, कारण जमिनीत काही दम नव्हता. ऑगस्ट १९०१ मध्ये आंद्रे ड्युमों या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाने शेजारच्या आस गावात बोअर मारून पाचशे मीटरहून खोल कोळसा शोधला आणि सगळं बदललं. लिंबुर्गमध्ये एकूण सात खाणी झाल्या, त्यातल्या तीन एकट्या गेंकमध्ये: विंटरस्लाग, वाटरस्खाय, झ्वार्टबर्ग. विंटरस्लागचं उत्पादन १९१७ ला सुरू झालं. वाटरस्खायच्या खाणीला ड्युमोंचंच नाव होतं, तिथून कोळसा निघायला १९२४ उजाडलं.

खाण म्हणजे नुसता शाफ्ट, खाली उतरायची उभी विहीर, नव्हे. कंपनीने घरं बांधली, चर्च, शाळा, दवाखाना. कामगारांच्या रांगांतली घरं वेगळी, इंजिनिअरांचे बंगले वेगळे. साहेब लोक फ्रेंच बोलत, खाली उतरणारा स्थानिक माणूस फ्लेमिश, म्हणजे इथली डच. हे लक्षात ठेवा, क्लबच्या नावात ते येतं.

क्लब निघाला १९१९ मध्ये, म्हणजे कोळसा वर येण्याच्याही आधी. नाव 'थॉर'. वीज-गडगडाटाचा नॉर्स देव आठवतो, पण ही डच शब्दांची आद्याक्षरं आहेत: 'टॉट हेरस्टेल ओन्झर रेख्टेन', आमचे हक्क परत मिळावेत म्हणून. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, फ्लेमिश माणसाला त्याच्याच प्रांतात दुय्यम वागणूक, आणि एका वस्तीतली पोरं आपल्या फुटबॉल संघाला हे नाव देतात. फुटबॉल क्लबच्या इतिहासात मी वाचलेलं हे सर्वांत ठाम नाव आहे. रंग पिवळा-काळा.

बेल्जियममध्ये १९२६ पासून प्रत्येक क्लबला नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर टिकतो. अँटवर्पचा १. वाटरस्खायचा ५५३. हा क्रमांक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

१९५५ मध्ये थॉर पहिल्यांदा बेल्जियन कपच्या अंतिम सामन्यात गेला आणि अँटवर्पकडून ०-४ असा हरला. मग चढ-उतार. १९७८ मध्ये संघ पुन्हा पहिल्या विभागात आला आणि तिथून पुढची पाच-सहा वर्षं या वस्तीने जे केलं ते मी निवांत सांगेन. १९८० चा बेल्जियन कप, बेव्हरनला २-१ हरवून. १९८२ चा कप, वारेगेमला २-० हरवून. आणि मग कप विनर्स कपमध्ये, युरोपातल्या कपविजेत्यांच्या त्या स्पर्धेत, उपांत्य फेरी.

त्याच्या आधीच्या फेरीत, पॅरिसमध्ये त्या गर्दीसमोर, वाटरस्खाय ०-२ हरला. सें-जर्मां पहिल्यांदाच युरोपात खेळत होता, सगळं शहर लोटलं होतं. दोन आठवड्यांनी परतीचा सामना वाटरस्खायला. नव्वद मिनिटांत २-०, म्हणजे बरोबरी. जादा वेळेत तिसरा गोल. सें-जर्मां बाहेर.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. विलीनीकरणाबद्दल तर लिहायलाच हवं, कारण आज ज्याला आपण 'गेंक' म्हणतो तो क्लब कुठून आला हे त्याशिवाय कळत नाही.

---

गोलपोस्ट

वा! बेल्जियमचे स्टार खेळाडू डी ब्रॉयना आणि कोर्टवा गेंकमधून आले एवढंच माहीत होतं. त्या मैदानाखाली एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. उपांत्य फेरीत कोण होतं समोर? आणि संघात कोण कोण होतं तेही लिहा.

---

अनघा_औंध

वाचतेय. फुटबॉल फारसा कळत नाही, पण गाव कसं उभं राहिलं तो भाग फार आवडला. ही खाणीची माणसं कुठून आली? अडीच हजार वस्तीच्या गावात तीन-तीन खाणी चालवायच्या तर स्थानिक पुरणार कसे?

---

हासेल्टकर

@गोलपोस्ट, समोर होता अ‍ॅबरडीन. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन, मँचेस्टर युनायटेडला जायच्या आधीचे. अ‍ॅबरडीन नुकताच बायर्न म्युनिकला बाहेर काढून आला होता. पहिला सामना ६ एप्रिल १९८३ ला पिटोड्रीवर, त्यांच्या मैदानावर झाला. अ‍ॅबरडीनने सुरुवातीलाच दोन गोल ठोकले आणि शेवट ५-१. तिथेच सगळं संपलं होतं. पण परतीच्या सामन्यात वाटरस्खाय १-० जिंकला, गोल एडी फोरडेकर्सचा. अ‍ॅबरडीनने पुढे स्वीडनमधल्या योटेबोरीत रेआल माद्रिदला हरवून तो कप उचलला. त्या संपूर्ण स्पर्धेत त्यांचा एकच पराभव झाला, तो वाटरस्खायला. लिंबुर्गच्या लोकांना हे सांगताना आजही अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

संघ: प्रशिक्षक जर्मन, अर्न्स्ट क्युनेके. गोलरक्षक क्लाउस पुडेल्को, तोही जर्मन. बचावात डच आंतरराष्ट्रीय खेळाडू आड्री फान क्राय. पुढे आइसलंडचा लारुस ग्वुडमुंडसन. रोलांड यान्सन, पिअर यान्सन. आणि बचावफळीत लेइ क्लायस्टर्स.

हो, तेच क्लायस्टर्स. टेनिसपटू किमचे वडील. किमचा जन्म जून १९८३ चा, म्हणजे या उपांत्य सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आत. लेइ पुढे मेखेलनला गेले, तिथे कर्णधार म्हणून १९८८ मध्ये हाच कप विनर्स कप जिंकले, अंतिम सामन्यात आयाक्सला हरवून. त्याच वर्षी बेल्जियमचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'सोनेरी बूट' मिळाला. बचावपटूला तो क्वचितच मिळतो.

@अनघा_औंध, फार चांगला प्रश्न. हे वेगळं लिहितो, थोडा वेळ द्या.

---

बल्लारशा

माझे वडील वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स) होते, भूमिगत खाणीत. पहिली पाळी करून आले की अंघोळीनंतरही पापण्यांच्या कडेला काळी रेघ राहायची, काजळासारखी. म्हणून विचारतो, या खाणी किती खोल होत्या? आणि कॉलनीत क्लब, मैदान कंपनीचंच असायचं का? आमच्याकडे मैदान, सभागृह, दवाखाना सगळं कंपनीचं. मॅचला साहेब खुर्चीवर, बाकीचे बांधावर.

---

हासेल्टकर

@बल्लारशा, खोली शेकडो मीटर, काही थर तर हजार मीटरच्या आसपास. वरच्या मातीत पाणी आणि वाळू इतकी की शाफ्ट खणण्यापूर्वी जमीन गोठवावी लागे. कोळसा सापडला १९०१ ला आणि वाटरस्खायमधून बाहेर यायला १९२४ उजाडलं त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं अर्थात महायुद्ध.

खाण कंपनी आणि खेळाचं तुम्ही म्हणता तसंच होतं. मैदानालाही आंद्रे ड्युमोंचंच नाव. कंपनीला कामगार टिकवायचे होते. इथलं काम एकदा बघून पळून जाणारे खूप असत. घर, बाग, बँड, फुटबॉल दिलं की माणूस कुटुंबासकट राहतो, हा हिशेब होता. पण माझं मत असं की क्लब कंपनीच्या हिशेबापुरता कधीच राहिला नाही. 'आमचे हक्क' हे नाव घेऊन जन्मलेला संघ कंपनीच्या मैदानावर खेळत होता. दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या.

@अनघा_औंध, आता माणसांबद्दल. पहिल्या लाटेत आसपासच्या शेतकऱ्यांची मुलं. दोन महायुद्धांच्या मध्ये पोलंड, युक्रेन, युगोस्लाव्हिया, इटलीतले लोक. खरी मोठी लाट दुसऱ्या युद्धानंतरची. युद्धानंतर काही काळ जर्मन युद्धकैद्यांना खाणीत उतरवलं, ते गेल्यावर माणूस मिळेना. जून १९४६ मध्ये बेल्जियम आणि इटलीचा करार झाला: इटलीने ५०,००० कामगार द्यायचे, बदल्यात बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा. दक्षिणेतल्या गावांत गुलाबी पत्रकं लागली, त्यांत पगार आणि घर लिहिलेलं होतं, धूळ लिहिलेली नव्हती. अनेकांना सुरुवातीला युद्धकैद्यांच्याच बराकीत राहावं लागलं.

मग ८ ऑगस्ट १९५६. बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनियातल्या मार्सिनेल इथे बुआ द्यू काझिये खाणीत आग लागली, २६२ मेले, त्यातले १३६ इटालियन. इटलीने माणसं पाठवणं थांबवलं. बेल्जियम स्पेन आणि ग्रीसकडे वळला, १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार केले. आज गेंकमध्ये पासष्ट हजारांहून अधिक लोक आहेत आणि निम्म्याहून अधिकांची मुळं परदेशात आहेत. त्या सगळ्यांची मुलं एकाच मैदानावर यायची. भाषा वेगवेगळ्या, पण शनिवार-रविवारी सगळ्यांना एकच प्रश्न असायचा: तू पिवळा-काळा की लाल-काळा?

---

गोलपोस्ट

लाल-काळा म्हणजे?

---

हासेल्टकर

विंटरस्लाग. शेजारची खाण, शेजारचा क्लब, स्थापना १९२३, नोंदणी क्रमांक ३२२. अंतर सायकलवर काही मिनिटांचं. वैर मात्र खरंखुरं. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे दोन्ही संघ एकाच वेळी देशाच्या पहिल्या विभागात होते. एका नगरपालिकेच्या दोन खाणवस्त्या!

आणि हे ऐका. नोव्हेंबर १९८१ मध्ये विंटरस्लागने युएफा कपमध्ये आर्सेनलला बाहेर काढलं. घरी १-० जिंकले, आर्सेनलच्या हायबरी मैदानावर १-२ हरले, पण तिथे केलेला गोल कामी आला, कारण एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावरचे गोल जास्त असलेला संघ पुढे जायचा. म्हणजे दीड वर्षाच्या आत एका शेजाऱ्याने आर्सेनलला आणि दुसऱ्याने सें-जर्मांला घरी पाठवलं. आणि तेव्हा या दोन्ही खाणींत रोज माणसं खाली उतरत होती.

---

मांडवीकाठी

सुंदर धागा. आम्हां गोंयकारांना हा विषय आतून कळतो. आमच्याकडे कोळसा नाही, लोहखनिज. धेंपो, साळगावकर ही खाण उद्योगातली घराणी आणि देशातले मोठे फुटबॉल क्लबही त्यांचेच. सेसाची फुटबॉल अकादमी तर खाण कंपनीचीच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. त्याला कारण खाणी नव्हेत, महासंघाचं नवं धोरण होतं, हे मान्य. तरी ज्या पैशावर क्लब उभा तो कुठून येतो, हे विसरून फुटबॉलचा इतिहास लिहिता येत नाही.

वाटरस्खायची खाण कधी बंद झाली? क्लब त्यामुळेच बुडाला का?

---

शिट्टी_फुंकणारा

हासेल्टकर, सगळं छान चाललंय, पण १९८२ चं प्रकरण तुम्ही वगळणार नाही अशी आशा आहे. मी रेफरीचा कोर्स केलेला माणूस आहे, बेल्जियन फुटबॉलचं नाव निघालं की मला आधी तेच आठवतं. स्टँडर्ड लिएजला सामना विकणारा संघ वाटरस्खायच होता. थॉरच्या गौरवगाथेत तो सामना यायला हवा.

---

हासेल्टकर

@शिट्टी_फुंकणारा, यायलाच हवा. ८ मे १९८२, हंगामाचा शेवटचा दिवस. स्टँडर्ड विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता आणि चारच दिवसांनी बार्सिलोनात, बार्सिलोनाविरुद्धच, कप विनर्स कपचा अंतिम सामना होता. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: निकाल, आणि आपला कोणी जायबंदी होऊ नये. स्टँडर्डच्या खेळाडूंनी आपला विजयाचा बोनस वाटरस्खायच्या खेळाडूंना द्यायचं ठरलं. मध्यस्थी झाली स्टँडर्डचे कर्णधार एरिक गेरेट्स आणि वाटरस्खायचे रोलांड यान्सन यांच्यामार्फत. स्टँडर्ड ३-१ जिंकला, विजेता झाला. बार्सिलोनात मात्र १-२ हरला.

हे बाहेर आलं १९८४ मध्ये, तेही फुटबॉल महासंघामुळे नव्हे. गी बेलमान्स नावाचे तपास न्यायाधीश क्लबांमधल्या काळ्या पैशाचा माग काढत होते, त्यांच्या हाती हे लागलं. स्टँडर्डचे प्रशिक्षक रेमों गूताल्स यांना जावं लागलं. गेरेट्स तेव्हा एसी मिलानमध्ये होते, तिथली नोकरी गेली. दोन्ही संघांतल्या खेळाडूंवर बंदी आली.

वाटरस्खायला त्या दिवशी त्या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं, असं समर्थन इथे ऐकू येतं. मला ते पटत नाही. त्याच हंगामात त्यांनी कप जिंकला, तो कप खरा आहे. पण रविवारी पैसे मोजून स्टेडियमला येणारा माणूस आठवडाभर खाली राबलेला असायचा, आणि त्याला दाखवलेला सामना आधीच ठरलेला असेल तर फसवणूक त्याचीच झाली. थॉरच्या इतिहासातली ही सर्वांत वाईट गोष्ट आहे, तिला दुसरं नाव नाही.

---

शिट्टी_फुंकणारा

धन्यवाद. स्पष्ट लिहिलंत हे आवडलं. गेरेट्स पुढे पीएसव्हीचा कर्णधार म्हणून १९८८ चा युरोपियन कप जिंकला, त्यामुळे लोक त्याचा भाग विसरतात. वाटरस्खायला मात्र तशी दुसरी संधी मिळालीच नाही.

---

हासेल्टकर

नाही मिळाली. @मांडवीकाठी, आता तुमचा प्रश्न.

कोळशाची अखेर लांबून दिसत होती. १९६६ मध्ये झ्वार्टबर्ग बंद करायचं ठरलं तेव्हा गेंकच्या रस्त्यांवर दंगल झाली, दोन माणसं जिवानिशी गेली. त्या सुमाराला फोर्डचा मोटार कारखाना गेंकमध्ये सुरू झालेला होता (१९६४), त्यामुळे काही कामगार तिकडे वळले. उरलेल्या खाणी सरकारी पैशावर चालत राहिल्या. अमेरिकेहून येणारा कोळसा स्वस्त, तेल आणि वायू स्वस्त, इथला थर खोल आणि पातळ. १९८६ च्या अखेरीस सरकारने बंद करायचा निर्णय घेतला आणि त्यासाठी टेल खेसेलिंक नावाच्या व्यवस्थापकाला आणलं. तो शेलमधून आला होता. खाण सोडणाऱ्या कामगाराला रोख रक्कम द्यायची, अशी त्याची योजना. हजारोंनी ती घेतली.

सप्टेंबर १९८७ मध्ये वाटरस्खायची खाण बंद. मार्च १९८८ अखेर विंटरस्लागची. आणि त्याच उन्हाळ्यात दोन्ही क्लब एकत्र येऊन रेसिंग क्लब गेंक झाला. वाटरस्खाय १९८६ लाच दुसऱ्या विभागात घसरला होता. विंटरस्लाग पहिल्या विभागात होता, पण तोही डळमळीत.

विलीनीकरणामागे जोर होता त्याच खेसेलिंकचा. ज्याने खाणी बंद केल्या त्यानेच नव्या क्लबच्या पैशाची वाट मोकळी केली, आणि १९९९ पर्यंत स्टेडियमला त्याचंच नाव होतं. खाणकामगारांच्या गावात हे कसं स्वीकारलं गेलं असेल याचा मी बराच विचार करतो. काहींना ते लाचेसारखं वाटलं असणार. काहींना वाटलं असणार, निदान एवढं तरी उरेल. मी दुसऱ्या बाजूचा आहे. खाण राहणारच नव्हती. क्लबही गेला असता तर या वस्त्यांकडे एकत्र जमायचं निमित्तच उरलं नसतं.

---

अनघा_औंध

पण मग थॉर मेला की जिवंत राहिला? दोन शत्रू एकत्र आले तर कोणाचं काय उरलं?

---

हासेल्टकर

याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. नोंदणी क्रमांक विंटरस्लागचा, ३२२. म्हणजे कागदावर आजचा गेंक हा विंटरस्लागचाच वारसदार, वाटरस्खायचा ५५३ क्रमांक संपला. मैदान मात्र वाटरस्खायचं. आजचं सेगेका अरेना, चोवीसेक हजार प्रेक्षकांचं, वाटरस्खायमध्येच उभं आहे. रंग दोघांचाही नाही: पिवळा गेला, लाल गेला, निळा-पांढरा आला. काळाही गेला. कोणी जिंकलं असं कुणालाच म्हणता येऊ नये, अशी ती वाटणी आहे.

पहिला हंगाम १९८८-८९, शेवटचा क्रमांक, थेट दुसऱ्या विभागात. तेव्हा 'बघा, सांगितलं होतं' म्हणणारे दोन्ही वस्त्यांत होते असणार. लगेच वर आले, १९९४ ला पुन्हा खाली, १९९६ ला पुन्हा वर. मग एमे अँथ्युनिस प्रशिक्षक, आघाडीला ब्रांको स्त्रुपार आणि सुलेमान ऊलारे. १९९८ चा कप, अंतिम सामन्यात क्लब ब्रुखला ४-०. १९९९ ला देशाचं विजेतेपद. खाण बंद झाल्यावर बारा वर्षांच्या आत. त्यानंतर २००२, २०११, २०१९. २०११ च्या संघात कोर्टवा आणि डी ब्रॉयना, @गोलपोस्ट, तुम्ही म्हणालात ते. कोर्टवा तर लिंबुर्गचाच, ब्रेचा.

---

बल्लारशा

खाणी बंद होऊन बारा वर्षांत विजेतेपद. आमच्या भागातल्या बंद झालेल्या भूमिगत खाणींच्या कॉलन्या डोळ्यांसमोर आल्या. क्वार्टर पडीक, मैदानात बाभळी. क्रमांक कोणाचा, रंग कोणता, हा प्रश्न पडायलासुद्धा काहीतरी शिल्लक असावं लागतं.

माझं मत विचाराल तर थॉर जिवंत आहे. खाणकामगाराला विचारा, तो चानकाचं (शाफ्टचं) नाव सांगेल, कंपनीचं नाही. कंपन्या बदलतात. जागा तीच राहते.

---

गोलपोस्ट

मला नाही पटत, बल्लारशा. समर्थकाच्या जागी उभं राहून बघा. तुमचे आजोबा, वडील पिवळा-काळा स्कार्फ घेऊन जायचे. एका उन्हाळ्यात सांगतात की आता विंटरस्लागवाल्याशेजारी बसायचं, निळा घालायचा आणि नोंद त्यांच्या क्रमांकावर. जागा तीच असली म्हणून काय? अँटवर्प प्रांतातला वेस्टरलो बघा, गावाचा क्लब आहे, २००१ चा बेल्जियन कप जिंकला, आजही त्याच नावाने, त्याच पिवळ्या-निळ्यात खेळतो. त्याला म्हणतात टिकणं. वाटरस्खाय १९८८ ला संपला आणि ते दुःख मान्य करायला हवं. सें-जर्मांला हरवणारा क्लब आज कुठल्याच तक्त्यात नाही.

---

मांडवीकाठी

गोलपोस्ट, वेस्टरलोकडे खाण नव्हती. त्याला गमवायला तेवढं नव्हतं. तुलना होत नाही.

---

हासेल्टकर

@गोलपोस्ट, तुमचं म्हणणं इथल्या वयस्कर लोकांच्या मनातलं आहे, ते मी खोडणार नाही. पण एक गोष्ट बघा. १९८८ नंतर ज्यांचा जन्म झाला त्यांच्यासाठी वाटरस्खाय-विंटरस्लाग हे वैर आजोबांच्या तोंडचं आहे. ती मुलं तुर्की, इटालियन, मोरोक्कन, ग्रीक, फ्लेमिश आडनावांची आहेत आणि निळा स्कार्फ घालून एकत्र जातात. त्यांना हे दोन क्लब टिकवून देता आले नसते. दोन दुबळे क्लब तिसऱ्या-चौथ्या विभागात झगडत राहिले असते, लिंबुर्गमध्ये अशी उदाहरणं आहेत. बेरिंगेनचा खाणवाल्यांचा क्लब १९६४ मध्ये देशात दुसरा आला होता. आज त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

फोर्ड गेंक डिसेंबर २०१४ मध्ये बंद झालं. म्हणजे पन्नास वर्षांत या शहराने आधी कोळसा आणि मग मोटारी गमावल्या. दोन्ही वेळा इथल्या लोकांची ओळख काय उरली, तर हा क्लब. म्हणून मला १९८८ चा निर्णय योग्य वाटतो. पण गेंकने एक करायला हवं: सेगेका अरेनामध्ये १९८० आणि १९८२ चे कप आपल्या इतिहासाचा भाग म्हणून ठळकपणे मांडायला हवेत. क्रमांक ३२२ असला तरी तो गवताचा तुकडा थॉरचा आहे.

---

गोलपोस्ट

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. बाकी मतभेद राहू देत.

---

अनघा_औंध

मे महिन्यात लेकीकडे लूव्हेनला येतेय. बघण्यासारखं काही आहे का तिथे? सामना नसला तरी चालेल.

---

हासेल्टकर

जरूर या. लूव्हेनहून गेंकपर्यंत ट्रेन आहे, पुढे बस. आधी विंटरस्लागला जा. तिथली खाण आता 'सी-माइन' नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे, शाफ्टचे मनोरे उभे आहेत, जुन्या यंत्रघरातून आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून चालता येतं. मग वाटरस्खायला. खाणीची लालसर विटांची मुख्य इमारत दुरुस्त करून तिथे 'थॉर पार्क' केलंय. ऊर्जा संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, त्यात तुमच्या लेकीचं लूव्हेन विद्यापीठही भागीदार आहे. नावात 'थॉर' ठेवलाय हे बघून बरं वाटतं. मागे खाणीच्या राडारोड्याची टेकडी आहे, तिच्यावर चढलात की स्टेडियम आणि कामगारवस्तीची झाडीतली घरं दिसतात. बूट चांगले घाला, वाट भुसभुशीत आहे.

@बल्लारशा, तुमच्या वडिलांच्या खाणीबद्दल आणि कॉलनीतल्या सामन्यांबद्दल स्वतंत्र धागा काढा, आम्ही सगळे वाचू.

---

बल्लारशा

काढतो. वडिलांना विचारून नावं-सालं पक्की करतो, मग लिहितो. तुम्ही विंटरस्लागवर लिहा, आर्सेनलचा तो सामना नीट सविस्तर हवाय.

---

शिट्टी_फुंकणारा

+१. आणि परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम तेव्हा कसा लावायचे तेही त्यात लिहा, युएफाने तो २०२१ मध्ये काढून टाकला. नव्या मुलांना विंटरस्लाग १-२ हरूनही पुढे कसा गेला हे कळणार नाही.